भिंतीआड बोलणं, उघड्यावर आकडे

इंग्लंडच्या न्यायालयात एके काळी घटस्फोट नाकारला जाण्याचं एक हमखास कारण होतं. नवरा-बायको दोघांनाही तो हवा आहे, हे उघड होणं! १८५७ च्या कायद्याने घटस्फोट संसदेतून न्यायालयात आणला, पण तो मिळायचा फक्त अन्याय झालेल्याला, तोही अन्याय करणाऱ्याविरुद्ध. दोघांनी आपसात ठरवून अर्ज केला असं दिसलं, की ते संगनमत ठरायचं आणि दार बंद व्हायचं. १८६० मध्ये आणखी एक भर पडली. घटस्फोटाचा निवाडा आधी तात्पुरता द्यायचा, मध्ये काही महिने थांबायचं आणि त्या काळात ‘क्वीन्स प्रॉक्टर’ नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने या दोघांनी मिळून न्यायालयाला फसवलं तर नाही ना, याचा शोध घ्यायचा.

मग लोकांनी नाटकं बसवली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या गावी नवरा पैसे देऊन आणलेल्या बाईबरोबर हॉटेलात रात्र काढायचा. रात्रभर दोघं पत्ते खेळत बसले तरी चालायचं. सकाळी चहा घेऊन येणाऱ्या मोलकरणीने दोघांना एका खोलीत पाहिलं आणि तसं कोर्टात सांगितलं, की काम झालं. सभ्यपणे वेगळं होऊ पाहणाऱ्या माणसांना व्यभिचाराचा देखावा उभा करावा लागायचा. ए. पी. हर्बर्ट या लेखकाने १९३४ मध्ये ‘होली डेडलॉक’ ही कादंबरी याच प्रकारावर लिहिली, नंतर तो खासदार झाला आणि १९३७ चा सुधारणा कायदा त्याच्याच प्रयत्नाने आला. त्यानेही संगनमताची आडकाठी हलली नाही. ती पूर्णपणे गेली १ जानेवारी १९७१ ला.

सामोपचाराने वेगळं होणाऱ्या जोडप्याने मध्यस्थाकडे जावं की सॉलिसिटरकडे, हा तिथला आजचा प्रश्न. त्याच्याकडे पाहताना मला आधी हाच इतिहास आठवतो. एकमत ज्या देशात दोष मानलं जायचं, त्याच देशाने पुढे त्या एकमताला जपण्यासाठी केवढी नाजूक यंत्रणा उभी केली!

खरं तर शेवटची गाठ सुटली अगदी अलीकडे. टिनी ओवेन्स यांचं लग्न १९७८ मधलं. त्या २०१५ मध्ये घराबाहेर पडल्या, पण पतीला घटस्फोट नको होता. त्याचं वागणं पुरेसं असह्य होतं हे सिद्ध झालं नाही, म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाइलाजाने त्यांना नकार दिला. मग पाच वर्षं वेगळं राहिल्याचा आधार मिळेपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत थांबणं आलं. या निकालाने देश हळहळला आणि ६ एप्रिल २०२२ पासून नवा कायदा लागू झाला. आता लग्नाला एक वर्ष झालेलं असलं की लग्न मोडलं आहे एवढं निवेदन पुरतं. दोष कुणाचा, हे कुणी विचारत नाही. दोघं मिळून एकच अर्ज करू शकतात, तोही ऑनलाइन. अर्ज नोंदल्यावर वीस आठवडे विचाराला, मग सशर्त आदेश, मग आणखी सहा आठवडे आणि अंतिम आदेश. शेवटचे ते सहा आठवडे म्हणजे १८६० च्या त्या संशयी थांब्याचाच आकसलेला वंशज. (क्वीन्स प्रॉक्टर हे पद आता ‘किंग्ज प्रॉक्टर’ या नावाने अजूनही आहे. मेडनहेड गावातल्या एका टपालपेटीचा पत्ता देऊन १८० इटालियन जोडप्यांनी चालवलेली घटस्फोटाची प्रकरणं २०१४ मध्ये फसवणूक म्हणून रद्द झाली, ती याच कार्यालयाच्या अर्जावरून.)

म्हणजे लग्न मोडण्याला आता मध्यस्थही लागत नाही आणि सॉलिसिटरही लागत नाही. ते दोघं लागतात घरासाठी, पेन्शनसाठी, कर्जासाठी आणि मुलांसाठी. एकमेकांवर राग नसलेल्या माणसांनाही राहतं घर विकायचं की एकाने ठेवायचं, हे ठरवताना घाम फुटतो.

सॉलिसिटर हा शब्द मुंबईकरांना परका नाही, फोर्टात त्यांच्या जुन्या पेढ्या अजून आहेत. इंग्लंडमध्ये तो अशिलाचा सल्लागार. कायदा काय म्हणतो, तुमच्या वाट्याला काय येऊ शकतं, कुठे सही करू नये, हे तो सांगतो. पण तो एकाचाच असतो. हितं परस्परविरोधी असतील तर दोघांचं वकीलपत्र घ्यायला त्याला व्यवसायाचे नियमच मनाई करतात. म्हणून दोन माणसांच्या घटस्फोटात चार माणसं येतात आणि एका वाक्याला चार वळणं पडतात. ‘दिवाळीत मुलं माझ्याकडे राहू देत का?’ हे तिने तिच्या सॉलिसिटरला सांगायचं, त्याने पत्र लिहायचं, ते दुसऱ्या सॉलिसिटरने वाचून आपल्या अशिलाला कळवायचं आणि उत्तराने तोच प्रवास उलट करायचा. हा वेळ तिथे सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजून बिलात लावतात. छोटंसं ईमेलही एक तुकडा खातं.

तरीही सॉलिसिटर म्हणजे भांडण लावणारा, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९८२ मध्ये जॉन कॉर्नवेल या सॉलिसिटरच्या पुढाकाराने तिथल्या कौटुंबिक वकिलांनी आपली संघटना काढली आणि एक आचारसंहिता स्वतःवर घालून घेतली. पत्रांची भाषा भडकाऊ नको, तडजोडीची वाट आधी पाहायची, मुलांचं हित पुढे ठेवायचं. आज ही संघटना ‘रेझोल्यूशन’ नावाने ओळखली जाते. चांगला कौटुंबिक सॉलिसिटर निवडायचा तर तो या संघटनेचा सदस्य आहे का, हे मी पहिल्यांदा विचारीन.

आता मध्यस्थ. एक-पालक कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या फायनर समितीने १९७४ मध्ये सामोपचाराच्या सेवेची शिफारस केली आणि १९७८ मध्ये ब्रिस्टल शहरात तशी पहिली सेवा सुरू झाली. रचना साधी आहे. सुरुवातीला मध्यस्थ दोघांना वेगवेगळं भेटतो, मग एकत्र बसवतो. साधारण तासा-दीड तासाच्या तीन ते पाच बैठका होतात. मध्यस्थ कुणाच्याच बाजूचा नसतो. कायद्याची माहिती तो देतो, पण ‘तुम्ही हे घ्या, हे सोडू नका’ असा सल्ला देत नाही. निर्णयही देत नाही. त्याच्या हातात अधिकार म्हणावा असा एकच, बैठक थांबवण्याचा.

मग त्या खोलीत बळ येतं कुठून?

ते येतं एका अदृश्य भिंतीतून. त्या खोलीत तडजोडीसाठी जे बोललं जातं, ते पुढे कोर्टात पुरावा म्हणून आणता येत नाही. समजा नवरा म्हणाला, ‘घर तुला राहू दे, मी भाड्याने राहीन.’ पुढे बोलणी फिसकटली, तर ‘तू तेव्हा कबूल केलं होतंस’ असं बायकोला न्यायाधीशापुढे म्हणता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते वाक्य उच्चारलंच गेलेलं नसतं. शेवटी मध्यस्थ जो मसुदा लिहून देतो, काय काय ठरत आलं आहे याचा, तोही याच भिंतीआड राहतो. दोघांवर तो बंधनकारक नसतो.

जे बोलणं मोजलंच जाणार नाही, त्याचा उपयोग काय, असं पहिल्यांदा वाटतं. पण जरा थांबून पाहावं. कोर्टाच्या सावलीत माणूस तोलूनमापून बोलतो, कारण प्रत्येक शब्द अंगाशी येऊ शकतो. ‘कदाचित’ म्हणायची सोय नसते. एकदा सोडलेला हक्क परत मागता येणार नाही, या भीतीने जे सोडायची तयारी असते, तेही माणूस घट्ट धरून ठेवतो. ही भीती काढून घेतली की माणसं मोठ्याने विचार करू लागतात. ‘समजा, पेन्शन तू ठेवलीस आणि घर मी ठेवलं तर?’ हे ‘समजा’ म्हणता येणं, हीच त्या खोलीतली सगळी संपत्ती आहे.

या भिंतीच्या किल्लीची गोष्ट तर फारच सुंदर आहे. १९४८ च्या मॅकटॅगर्ट खटल्यात प्रश्न आला होता की समेट घडवू पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर पती-पत्नी जे बोलले, ते कोर्टाला ऐकता येईल का. न्यायालयाने सांगितलं, ती गुप्तता त्या अधिकाऱ्याची नाही, नवरा-बायकोची आहे. दोघांनी मिळून ठरवलं तरच ती उघडता येईल. लग्न संपत आलेल्या दोन माणसांच्या हाती कायद्याने एक गोष्ट संयुक्त मालकीची ठेवली! पुढे १९९३ मध्ये अपील न्यायालयाने या भिंतीत एक दार राखलं. मुलाला गंभीर इजा झाली आहे किंवा होण्याचा संभव आहे, हे बोलण्यातून स्पष्ट दिसत असेल, तर तिथे गुप्तता थांबते.

त्याहून बारीक कारागिरी पुढेच आहे. भिंत बोलण्याभोवती आहे, आकड्यांभोवती नाही. बँकेचे बारा महिन्यांचे उतारे, पगाराच्या चिठ्ठ्या, घराची किंमत, कर्ज, पेन्शनचं आजचं मूल्य, हे सगळं दोघांनी कागदोपत्री मांडायचं असतं आणि ते उघड असतं. बोलणी फिसकटली तरी हे आकडे कोर्टात वापरता येतात. काय देऊ करता ते झाकलेलं, काय आहे ते उघडं. हे उलट असतं, तर मध्यस्थीची खोली संपत्ती दडवणाऱ्यांचं आश्रयस्थान झाली असती. आकडे उघडे आहेत म्हणून विश्वास बसतो आणि शब्द झाकलेले आहेत म्हणून जीभ मोकळी होते. दोन्ही एकाच वेळी साधणारी ही मांडणी कुणा एकाने बसून आखलेली नाही. ती खटल्यांतून आणि व्यवहारातून हळूहळू घडत गेली.

इतकी चांगली खोली असताना सॉलिसिटर कशाला, असं कुणाला वाटेल. सरकारलाही बहुधा तसंच वाटलं होतं. एप्रिल २०१३ मध्ये बहुतेक कौटुंबिक वादांसाठी वकिलाची सरकारी मदत बंद झाली, मध्यस्थीची मदत मात्र चालू ठेवली. वकील महाग आणि मध्यस्थ फुकट म्हटल्यावर माणसं मध्यस्थाकडे वळतील, असा हिशेब. झालं नेमकं उलटं. सरकारी मदतीवर होणाऱ्या मध्यस्थीच्या पहिल्या भेटी वर्षभरात निम्म्याहून खाली आल्या. कारण लोकांना मध्यस्थाची वाट दाखवणारा आजवर सॉलिसिटरच होता! त्याच्या कचेरीत पाऊल टाकल्यावर तोच म्हणायचा, ‘आधी त्या खोलीत जाऊन बसा.’ तो वाटाड्या गेला आणि वाटसरूही गेले. २०१४ पासून कोर्टात अर्ज करण्याआधी मध्यस्थाला एकदा भेटून माहिती घेणं कायद्यानेच सक्तीचं केलं, २०२१ पासून मुलांच्या प्रश्नावरच्या मध्यस्थीला ५०० पौंडांपर्यंत सरकारी वाटा मिळू लागला आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या नियमांनी न्यायाधीशांना सुनावणी थांबवून ‘आधी बोलून पाहा’ म्हणण्यासाठी आणखी बळ दिलं. पण २०१३ चा तो धडा मला फार मोलाचा वाटतो. दोघांतला एक हटवला की दुसरा वाढत नाही, तोही खंगतो.

सॉलिसिटरची खरी गरज दिसते ती बोलणी गोडीने संपल्यावर. भावाभावांनी ओट्यावर बसून शेत वाटून घेतलं, पण सातबाऱ्यावर नोंद केली नाही, तर काय होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. इंग्लंडमधला सातबारा म्हणजे कन्सेंट ऑर्डर. दोघांचं काय ठरलं, याचा कायदेशीर मसुदा आणि दोघांच्या सांपत्तिक स्थितीचा गोषवारा न्यायाधीशाकडे जातो. तो दोघांना सहसा भेटतही नाही. कागदावरून वाटणी न्याय्य दिसते का एवढं पाहतो, शंका आली तर प्रश्न विचारतो आणि मगच शिक्का मारतो. तो शिक्का नसेल, तर पैशांचे दावे घटस्फोटानंतरही जिवंत राहतात. त्यांना मुदत नाही.

किती जिवंत राहतात? डेल व्हिन्स आणि कॅथलीन वायट यांचं लग्न १९८१ मधलं. दोघं जवळजवळ निष्कांचन होते, काही वर्षांतच वेगळे झाले आणि १९९२ मध्ये रीतसर घटस्फोट झाला. व्हिन्स तेव्हा गाडीतच संसार थाटून भटकणारा माणूस. वाटायला काही नव्हतं, आणि पैशांचे दावे मिटल्याचा आदेश झाल्याची नोंदही पुढे कुठे सापडली नाही. नंतर व्हिन्सने पवनऊर्जेचा धंदा उभारला, ‘इकोट्रिसिटी’ कंपनी काढली आणि तो कोट्यधीश झाला. २०११ मध्ये वायट यांनी दावा लावला. इतक्या वर्षांनी हे ऐकायचं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, दावा ऐकावाच लागेल. वर्षभराने तो तीन लाख पौंडांवर मिटला. ज्यांच्याकडे आज काहीच नाही, त्यांनी हा कागद सर्वांत आधी करावा, असं माझं या निकालावरून ठाम मत झालं आहे. उद्या कुणाचं काय होईल, हे कुणी पाहिलं आहे?

याची दुसरी बाजूही माहीत असायला हवी. एखाद्याने दावा न लावता पुनर्विवाह केला, तर घरातला वाटा किंवा एकरकमी रक्कम मागण्याचा त्याचा हक्क संपतो. आणि पेन्शन तर नुसत्या आपसातल्या कराराने वाटताच येत नाही. २००० च्या अखेरीपासून ती दोघांत कायमची विभागता येते, पण त्याला इंग्लंडमध्ये न्यायालयाचा आदेशच लागतो. कितीही प्रेमाने लिहिलेलं पत्र दाखवलं, तरी पेन्शन फंड एक पौंडही हलवणार नाही.

आणि मुलं? इथे कायदा अगदी उलट वागतो, आणि ते मला या सगळ्यातलं सर्वांत लोभस वाटतं. १९८९ च्या बालकायद्यात तत्त्वच आहे की आदेश न देण्यापेक्षा देणं मुलाच्या भल्याचं असेल तरच द्यायचा. आईवडिलांचं जमलेलं असेल तर न्यायालय मध्ये पडत नाही. पैशाच्या करारावर शिक्का हवाच आणि मुलांच्या करारावर शक्यतो नकोच. मूल वाढतं, शाळा बदलते, आवडी बदलतात, शिक्का मात्र आपोआप बदलत नाही. म्हणून मुलांची बोलणी मध्यस्थाच्या खोलीत जास्त शोभतात. तिथल्या मध्यस्थांच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या मुलाला, त्याची इच्छा असेल तर, आपलं म्हणणं मांडायची संधी देऊ करायची असते. खास प्रशिक्षण घेतलेला मध्यस्थ त्याला एकट्याला भेटतो आणि मूल ‘हे सांगा’ म्हणेल तेवढंच आईबाबांपर्यंत पोहोचवतो. त्याच्याभोवतीही एक लहानशी भिंत उभी राहते.

मध्यस्थी सगळ्यांसाठी नाही. घरात मारहाण किंवा धाक असेल, एकजण दुसऱ्यासमोर तोंडच उघडू शकत नसेल, तर एका टेबलाशी बसवणं हाच छळ ठरतो. म्हणून तर पहिली भेट वेगवेगळी असते आणि अत्याचाराच्या प्रकरणांना कोर्टाआधीच्या त्या भेटीच्या सक्तीतून सूट आहे. एकजण संपत्ती लपवत असेल तरीही मध्यस्थ हतबल असतो, त्याच्याकडे कागद ओढून काढायची ताकद नाही. तिथे सॉलिसिटर आणि न्यायालयच हवं. बाकीच्यांनी, म्हणजे खरोखर सलोखा असलेल्यांनी, मला विचारलं तर मी हा क्रम सांगेन: दोघांनी एकेकदा आपापल्या सॉलिसिटरला भेटून आपला हक्क समजून घ्यावा, मग बोलणी मध्यस्थासमोर करावीत आणि ठरल्यावर पुन्हा सॉलिसिटरकडून मसुदा करून घ्यावा. पहिली पायरी वगळणारे पुष्कळ असतात. त्यांना पैसे वाचल्यासारखं वाटतं, पण काय सोडतो आहोत हेच ठाऊक नसताना दाखवलेल्या उदारपणाचा पुढे पश्चात्ताप होतो. अलीकडे दोघांनी मिळून एकाच वकिलाचा सल्ला घेण्याचीही सोय निघाली आहे. हितं खरोखर जुळणारी असतील तर ती चांगली आहे. मात्र पहिला खटका उडताच त्या वकिलाला दोघांनाही सोडावं लागतं, हे लक्षात ठेवूनच ती निवडावी.

लंडन, बर्मिंगहॅमकडच्या मराठी जोडप्यांना यात आणखी एक पदर आहे. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं असेल, तर तिथला घटस्फोट भारतात मान्य होईल का? १९९१ च्या नरसिंह राव प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एकाने दुसऱ्याच्या पाठीमागे, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशातून आणलेला निवाडा नाकारला, पण दुसऱ्या पक्षाची संमती असलेल्या निवाड्याला त्याच निकालात वाट ठेवली. तेव्हा इंग्लंडमध्ये एकट्याने अर्ज करता येत असला, तरी आपल्या माणसांनी संयुक्त अर्ज करणं अधिक शहाणपणाचं.

आणि संपत्ती दोन देशांत असेल, तर आकड्यांच्या त्या उघड्या तक्त्यात पुण्याचा फ्लॅट, गावची जमीन, बँकेच्या लॉकरमधलं सोनं हे सगळं मांडावं लागतं. इंग्लंडमधला न्यायाधीश वाटणी ठरवताना ते धरतो, पण त्याच्या शिक्क्याने पुण्याच्या सोसायटीच्या भागपत्रावरचं नाव आपोआप बदलत नाही. त्यासाठी हस्तांतराचा दस्त इथे करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि मुद्रांक शुल्क भरावं लागतं. म्हणून कन्सेंट ऑर्डरचा मसुदा न्यायालयात जाण्याआधी इथल्या वकिलाच्या नजरेखालून घालावा. दस्त कुणी, किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने करायचा, ते त्यातच लिहून घ्यावं, कारण शिक्का बसल्यावर असा आदेश पुन्हा उघडायला तिथलं न्यायालय सहजी राजी होत नाही.